पांढरा, तांबडा आणि डांबावरचा कप

मराठीत ज्या वस्तूला तीन-तीन नावं असतात, ती बहुधा कुणी नीट पाहिलेली नसते. तारेच्या खांबावर आडव्या पट्टीला उपडी बसवलेली ती चिनी मातीची टोपी घ्या. शाळेच्या पुस्तकात ती दुर्वाहक, सरकारी टेंडरात विद्युतरोधक आणि वायरमनच्या तोंडी इन्सुलेटर. कोल्हापूरकडे खांबाला डांब म्हणतात, तेव्हा आपण तिला डांबावरचा कप म्हणू. नाव चोख बसतं. या कपाला कान नाही आणि बशी नाही. विसळून उपडा घातल्यासारखा तो शंभर वर्षं दिसतो, पण त्यातून चहा मात्र कुणी प्यायलेला नाही. असे कप गोळा करणं हा एक रीतसर छंद आहे, जगात तो जोपासणारी हजारो माणसं आहेत आणि ती एरवी शुद्धीवर असतात. कोल्हापूरने या छंदाकडे ढुंकून पाहिलेलं नाही. त्याने पाहावं, असं या लेखाचं म्हणणं आहे. मात्र फार निरखून पाहू नये, असंही आहे. ही दोन म्हणणी एकाच लेखात कशी नांदतात ते पुढे येईलच.

छंदाचं माहेर अमेरिका. तिथे रेल्वेबरोबर तारेचे डांब खंडभर पसरले आणि त्यांच्यावर काचेचे कप चढले, कारण तिथे काच स्वस्त पडे. सुरुवातीचे कप खुंटीवर नुसते टेकवलेले असत. तारेला ताण बसला की ते टोपी उडावी तसे निघून येत. १८६५ साली लुई कोवे नावाच्या एका सुताराने कपाच्या आतून आटे पाडायची युक्ती काढून पेटंट घेतलं आणि कप बाटलीच्या झाकणासारखा फिरवून बसू लागला. पुढे हेमिंग्रे आणि ब्रूकफील्ड या कंपन्यांनी असे कप लाखांनी ओतले. डांब उतरले तसे लोक ते घरी नेऊ लागले. वुडवर्ड नावाच्या गृहस्थाने प्रत्येक घाटाला क्रमांक दिला, ‘क्राउन ज्युएल्स ऑफ द वायर’ म्हणजे तारेवरची राजरत्नं या नावाचं मासिक निघालं आणि संघटना स्थापन झाली. संघटना स्थापन झाली की छंदाचा धर्म होतो. या धर्मात क्रमांक १५४, म्हणजे हेमिंग्रेचा ४२ नंबरचा कप, हा आपल्याकडच्या पाटलांसारखा आहे: प्रत्येक गल्लीत एक तरी असतोच, म्हणून त्याचं कुणाला अप्रूप नाही. खरी किंमत रंगाला. साधी काच वाळूतल्या लोहामुळे फिकट निळसर-हिरवी होते, ती दोन-चार डॉलरला मिळते. तोच घाट दुर्मीळ रंगात निघाला तर हजारो डॉलर मोजले जातात. रंगांची नावं सेव्हन-अप हिरवा, रूट बिअर तपकिरी अशी आहेत. बाटली डोळ्यांपुढे आणल्याशिवाय तिकडे रंग सुचत नसावा.

आपल्याकडे काचेचा कप विरळा. दमट हवेत काचेवर ओलाव्याचा पापुद्रा चटकन धरतो, म्हणून इंग्रजांनी स्वतःच्या पावसाळी बेटावर चिनी मातीला पसंती दिली आणि तीच पसंती बोटीत घालून इकडे आणली. परिणामी भारतीय कपाचे ढोबळमानाने रंग दोनच: पांढरा आणि तांबूस तपकिरी. अमेरिकन संग्राहकाला यात दारिद्र्य दिसेल. कोल्हापूरकराला दिसणार नाही. पांढरा रस्सा आणि तांबडा रस्सा एवढ्या दोन रंगांवर ज्या गावाने आपली कीर्ती उभी केली, त्याला तिसऱ्या रंगाची गरज कधी वाटली आहे? तारेच्या डांबावर बहुधा पांढरा, लाइटीच्या डांबावर बहुधा तांबडा. ही सूची कुठल्याही वुडवर्डशिवाय पाठ होते. शिवाय आधी कोणता उचलायचा यावर इथे पिढ्यान्‌पिढ्या वाद घालता येतील, ही सोय निराळीच.

कप हातात घेऊन पाहावा. अर्ध्या किलोच्या आतबाहेर वजन. माथ्याखाली मानेभोवती खाच असते, तिथे तार बांधलेली असायची. त्या खाचेत गंजाचा एक तांबूस ओघळ मुरलेला असतो आणि तो चिंच लावूनही निघत नाही. बाहेरून सगळीकडे काचेसारखी झिलई, पण एखाद्या कडेला झिलई नसलेला खरखरीत पट्टा: भट्टीत तो त्या कडेवर बसला होता. आता उलटा करा. बाहेरच्या घेराच्या आत दुसरा घेर दिसतो. इंग्रजीत या आतल्या घेराला खरोखरच पेटीकोट म्हणतात आणि संघटनेच्या बैठकीतही तो शब्द गंभीर चेहऱ्याने उच्चारला जातो. दोन घेरांच्या मधल्या खोबणीत कोळ्याचं जाळं, नाहीतर कुंभारमाशीने बांधलेलं मातीचं बिऱ्हाड. ही सगळी रचना पावसासाठी आहे. बाहेरचा घेर भिजतो, पाणी ओघळून कडेवरून खाली पडतं, आतला घेर कोरडा राहतो आणि विजेला डांबाकडे जायला ओली वाट मिळत नाही. हेमिंग्रेने तर १८९३ मध्ये कपाच्या कडेला बारीक थेंबांसारखे दाणे काढायचं पेटंट घेतलं, पाणी कडेला लोंबकळत न राहता टपकून जावं म्हणून. छपराच्या कडेवरून पागोळ्या गळताना ज्याने पाहिल्या आहेत त्याला हे पेटंट वाचून हसू येईल. वळचण म्हणजे काय हे गगनबावड्याच्या वाटेवरच्या कुठल्याही घराला कळतं. कप ही तारेची वळचण आहे.

वळचण फुटली तर काय होतं याचा हिशेब सोपा आहे. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. रेल्वे आली की तिच्या कडेने तारेचे डांब आलेच. अंतर ४८ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ३० मैल. मैलाला वीसएक डांब धरले तर जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, वळिवडे करत कोल्हापूरला पोचेपर्यंत सहाशे डांब आणि तारेमागे सहाशे कप. एका तड्याने काही बिघडत नाही. पण आषाढात शंभर कपांतून थोडी थोडी वीज जमिनीत झिरपली की मिरजेला टकटक वाजवलेला संदेश कोल्हापूरला पोचेपर्यंत कुजबुज होतो. बातमी रुकडीच्या चिखलात मुरते. मुलगा झाल्याची, भाव पडल्याची, कुणी गेल्याची, अशी प्रत्येक बातमी या कपांच्या डोक्यावरून गेली आणि त्यांतल्या धडधाकट कपाने एक अक्षर खाली डांबाला कळू दिलं नाही. एवढ्या बातम्या इतक्या जवळून जाऊनही पुढे न सांगणारं असं दुसरं काही कोल्हापुरात दाखवून द्यावं.

आता मूळ मुद्दा. तारखात्याचा संसार मोडला, त्याच्या वाटण्या कशा झाल्या ते पाहा. (तारसेवा अधिकृतरीत्या जुलै २०१३ मध्ये संपली, पण डांब त्याच्या कितीतरी आधीपासून एकेक करून आडवे होत होते.) तांब्याची तार चोरांनी नेली. हा आरोप नाही, कायदा होता: १९५० साली तारखात्याच्या तारा बेकायदा बाळगण्याविरुद्ध खास कायदा करावा लागला आणि मैलाला किती पौंड भरणारी तांब्याची तार सरकारी समजायची, याची मापं त्यात द्यावी लागली. ज्या वस्तूसाठी संसदेला तागडी हातात घ्यावी लागते तिचं आयुष्य फार नसतं. लोखंडी डांब आणि जुन्या रुळांचे डांब भंगारात गेले. आपल्याकडे उद्यमनगरात भट्ट्यांची कमतरता नाही, तेव्हा त्यांतला एखादा आज कुठल्यातरी इंजिनाचा भाग होऊन उसाला पाणी पाजत असेल. लाकडी आडवी पट्टी चुलीत गेली. कपाचं नाव मात्र वाटणीत कुणी घेतलं नाही. भंगारवाला लोखंड घेतो, पत्रा घेतो, रद्दी घेतो, बाटली घेतो. चिनी माती त्याच्या तागडीवर ठेवली तर तो ती उचलून बाजूला ठेवतो आणि आपल्याकडे दयेने बघतो. ती वितळत नाही, कुजत नाही, जळत नाही. १९५० च्या त्या कायद्यानेही कपाची दखल घेतली नव्हती. म्हणून तार नाही, डांब नाही, पट्टी नाही, पण रुळाकडेच्या गवतात कप असू शकतो. सगळ्या तारायंत्रात तोच एक टिकला आणि कुणालाही नको होता म्हणूनच टिकला. संग्रह करायचा तर अशा वस्तूचा करावा. जी हवीहवीशी आहे तिची काळजी घ्यायला जग समर्थ आहे, फक्त ते ती वितळवून घेतं.

पहिला आक्षेप अर्थातच: उपयोग काय? हा प्रश्न कोल्हापुरात फार आदराने विचारला जातो आणि तो विचारणाऱ्याच्या माळ्यावर तांब्याचा बंब, पाटा-वरवंटा, फुटका कंदील आणि आजोबांची पेटी असते. संग्रहातली वस्तू ही उपयोगातून निवृत्त झालेलीच असते, नाहीतर तिला संसार म्हणतात. पुण्याच्या दिनकर केळकरांनी, म्हणजेच कवी अज्ञातवासींनी, आयुष्यभर गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, कुलपं, पाय घासायच्या वज्र्या असल्या वस्तू जमवल्या. वीस हजारांवर वस्तूंचं ते संग्रहालय पाहायला आज लोक तिकीट काढून जातात आणि एकही माणूस तिथल्या अडकित्त्याने सुपारी कातरून मागत नाही. त्यांनी सोन्याचे दागिने जमवायचं ठरवलं असतं तर? ते तर सराफांच्या गुजरीतही दिसतात, आणि लग्नसराई आली की मोडून नवे होतात. अडकित्ता मोडून काही होत नाही, म्हणून तो राहिला. केळकरांची खरी दृष्टी सौंदर्याची होती हे मान्य, पण तिला भंगारवाल्याच्या अनास्थेची साथ मिळाली हे विसरू नये.

दुसरा आक्षेप देशीपणाचा. अमेरिकन छंद, इंग्रजांची वस्तू, आपला काय संबंध? याला उत्तर टाउन हॉलमध्ये आहे. कोल्हापूरच्या संग्रहालयाचा मानबिंदू कोण? ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, ब्राँझचा चिमुकला पुतळा. समुद्र इथून घाट उतरून गेल्यावर लागतो. तो देव दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेच्या काठी काय करत होता हे त्यालाही सांगता आलं नसतं, पण आज कोल्हापूरकर पाहुण्यांना तो स्वतःचा म्हणून दाखवतात. ज्या गावाने पोसायडन पचवला त्याला एक विलायती कप जड जाऊ नये. याच ब्रह्मपुरीवर १९४५-४६ मध्ये हसमुख सांकलियांबरोबर उत्खनन करणारे मोरेश्वर दीक्षित पुढे भारतीय काचेचा इतिहास लिहून मोकळे झाले. तो ग्रंथ १९६९ मध्ये आला. फुटक्या बांगड्या आणि काचमणी यांच्याकडे ते ज्या नजरेने बघत त्या नजरेसाठी विद्यापीठ पदवी देतं. तीच नजर डांबाखाली वाकून पाहणाऱ्याची असली तर शेजारी डॉक्टरचं नाव सुचवतात. आणि काचेपुरतं बोलायचं तर महाराष्ट्राने काचेवर देशभक्ती ओतलेली आहे. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला आणि १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंनी काच कारखाना काढला, त्याची ओगलेवाडी झाली आणि प्रभाकर कंदील घराघरात टांगला गेला. एकेक पैसा गोळा करणारा देशभक्त आणि एकेक कप गोळा करणारा वेडा, यांत फरक फक्त पावतीपुस्तकाचा.

वेड्यांचीच गोष्ट निघाली तर ज्याने भारतात तार आणली त्याच्याकडेही पाहावं. विल्यम ओशॉनेसी पेशाने डॉक्टर आणि कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचा प्राध्यापक. १८३९ साली त्याने बांबूंवरून तार ओढून प्रयोग केले, आणि त्याच सुमारास गांजाच्या औषधी गुणांवर निबंध वाचून पाश्चात्त्य वैद्यकाला गांजाची ओळख करून दिली. कोणता प्रयोग आधी आणि कोणता नंतर याचा शोध घेऊ नये. १८५४ पर्यंत कलकत्ता, आग्रा आणि मुंबई तारेने जोडली गेली होती. या देशातल्या तारायंत्राच्या मुळाशीच असा माणूस असताना त्याचे कप वेचणाऱ्याला विक्षिप्त म्हणणं जरा उशिराचंच आहे.

तिसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने तारेची व्याख्या करताना ती बसवण्यासाठी आणि वीज रोखण्यासाठी लागणारी उपकरणंही तारेतच मोजली. म्हणजे डांबाला लागलेला कप हा सरकारी कप ठरला. लाइटीच्या डांबावरच्या कपाकडे तर पाहायचं तेही रस्त्यावरून, खिशात हात घालून. तिथे कायद्याआधी अकरा हजार व्होल्ट निकाल देतात. तेव्हा संग्राहकाने वर बघून चालू नये, खाली बघून चालावं. ही शिस्त महापालिकेच्या रस्त्यांवर एरवीही अंगवळणी पडलेली असते. याच्या उलट टोकाला १९७२ चा पुरावस्तू कायदा उभा आहे. शंभर वर्षांहून जुनी आणि गतकाळातलं विज्ञान किंवा कारागिरी दाखवणारी वस्तू त्याच्या व्याख्येत बसू शकते आणि परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे १८९१ चा कप भंगारवाल्याच्या लेखी शून्य आणि कायद्याच्या लेखी कदाचित राष्ट्रीय ठेवा. मधला भाव कुठे मिळतच नाही.

खरा अवघड आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि तो या छंदाच्या शत्रूने नाही तर एखाद्या विचारी मित्राने घ्यावा असा आहे. कप कुणालाच नको होता म्हणून टिकला, हे मान्य. मग संग्राहकाला तो हवा झाला की त्याचं कवच गेलंच की! अमेरिकेत नेमकं हेच झालं. जुन्या काचेत रंग घालवण्यासाठी मँगनीज घालत. अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की तिला जांभळी झाक येते, आणि जांभळ्या कपाला भाव येतो. भाव आला म्हटल्यावर ऊन कोण मोजत बसतो? साधे कप किरणोत्सर्गात धरून एका बैठकीत जांभळे करणारे निघाले. पन्नास वर्षं उन्हातान्हात उभं राहून आलेला रंग आणि यंत्रात बसवून आणलेला रंग यांतला फरक ओळखणं ही त्या छंदातली आता एक स्वतंत्र विद्याशाखा आहे. हे वाचून आपल्याकडे कुणी हसू नये. कोल्हापुरी या शब्दाची पाटी लावून कोल्हापूरबाहेर शिवलेल्या चपला आणि त्याच पाटीखाली गावाबाहेर शिजणारा रस्सा इथे सगळ्यांना माहीत आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते खोट्या चपला संपल्या म्हणून नव्हे. कपालाही उद्या भाव आला तर हाच क्रम लागेल. मुंबईच्या चोर बाजारात तो पोचेल, त्याला संस्थानकालीन हे विशेषण लागेल, चहात बुडवून पांढऱ्याचा जुनाट होईल, आणि मिरजेच्या रुळाकडेचं गवत एका पावसाळ्यात साफ होईल.

यावर उत्तर एकच दिसतं आणि ते गैरसोयीचं आहे: हा छंद भावाशिवाय करावा. विकत घेऊ नये, विकू नये, अदलाबदल केलीच तर पांढऱ्याला तांबडा अशी सरळ करावी. संघटना काढू नये. मासिक तर मुळीच नको, कारण मासिकाच्या शेवटच्या पानावर जाहिरात येते आणि जाहिरातीत आकडा येतो. सापडला त्या जागेचं नाव आणि सापडल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून कपाच्या पोटात घालावी, कारण नाव-गाव नसलेला कप आणि फुटकी बरणी यांत दीक्षितांनाही फरक करता आला नसता. रुकडीच्या पुलाच्या अलीकडे, गवतात, एवढं लिहिलं की त्या तुकड्याला सहाशे डांबांच्या रांगेत आपली जागा परत मिळते. यात पैसा नाही, प्रतिष्ठा नाही, पाहुण्यांना दाखवण्यासारखं काही नाही. मग कुणी हा छंद का करील, असं विचाराल तर कोल्हापूरकर पैलवानाची कुस्ती बघायला खासबागेत तासन्‌तास उन्हात का बसतात, तेही सांगावं लागेल.

उरला घरचा आक्षेप. तो तर्काने कधीच सुटलेला नाही. घर म्हणजे अशी जागा, जिथे प्रत्येक वस्तूने आपलं काम सांगावं लागतं. कपाला सांगण्यासारखं काम नाही, आणि सांगितलं तर तो धोक्यात येतो. लेखणी ठेवायला घेतला की तो धुतला जातो, ओघळ घासला जातो, पोटातली चिठ्ठी केरात जाते. कागदावर ठेवायला घेतला की खिडकीतून पडतो. अनुभवी मंडळी म्हणूनच तो उलटा करून खुंटीच्या भोकात थोडी रेती भरतात आणि देवघरात उदबत्तीचं घर म्हणून ठेवून देतात. तिथे त्याला कुणी हलवत नाही, घासत नाही, किंमत विचारत नाही. कोल्हापुरात कुणाच्या देव्हाऱ्यात, दोन घेरांचं, जरा जास्तच जड असं पांढरं उदबत्तीचं घर दिसलं, तर नमस्कार करावा आणि ते काय आहे हे मोठ्याने बोलू नये.